एल निनो आणि धुमसणारी दलदल

इंडोनेशियातल्या सुमात्रा आणि कालिमंतानमधल्या वणव्यांचा जोर बऱ्याच अंशी पॅसिफिक महासागर ठरवतो. एरवी इंडोनेशियाभोवतीचे पाणी उबदार असते, त्यावर ढग दाटतात. एल निनोच्या वर्षी हे उबदार पाणी पूर्वेकडे सरकते, पाऊसही त्याच्यामागे जातो आणि कोरडा हंगाम लांबतो. त्यातच हिंदी महासागराचा पूर्व भाग थंड पडला, तर दुष्काळ अधिकच तीव्र होतो. १९९७ मध्ये नेमके हेच घडले.

इथे जंगलाखालची पीटही जळते. पाण्यात हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेल्या वनस्पतींचा हा थर ओला असेपर्यंत सुरक्षित असतो. पाण्याची पातळी खाली गेली, की तो ज्वाळेविना आतल्या आत धुमसतो. वरून मारलेले पाणी खोलवरच्या विस्तवापर्यंत क्वचितच पोहोचते. बहुधा पावसाळा लागल्यावरच आग विझते.

तरीही सगळा दोष एल निनोच्या माथी मारणे चुकीचे आहे. १९९६ पासून मध्य कालिमंतानात भातशेतीसाठी सुमारे १० लाख हेक्टर क्षेत्राचा प्रकल्प आखून कालवे खोदले गेले. कालव्यांतून पाणी निघून गेल्याने पीट सुकली, भातशेती फसली. जमीन साफ करायला आग माणसेच लावतात. २०१५ च्या एल निनोत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि धुराने सिंगापूर, मलेशियाही कोंडले.