चाक बसवणे म्हणजे नुसते नट आवळणे नव्हे

माण-हिंजवडी परिसरातील होतकरू तरुणांसाठी एका धंद्याची ओळख

पंक्चर काढणारा हा आपल्याकडे बरेचदा टवाळीचा विषय होतो. एखाद्या समाजाला हिणवायचे झाले की "पंक्चरवाले" हा शब्द सहज फेकला जातो. मात्र भर पावसात, रात्रीच्या वेळी ज्याची गाडी महामार्गाच्या कडेला बसते, त्याला या कारागिराची किंमत बरोबर कळते. आमचे म्हणणे एवढेच की टवाळीला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा हुन्नराने द्यावे. ज्या हाताला टायर उतरवता येतो, त्या हाताला चाक मोजणे, निवडणे, तोलणे आणि बसवणेही शिकता येते. टपरी आणि दुकान यांच्यात जो फरक आहे, तो भांडवलापेक्षा माहितीचा अधिक आहे. ही माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

माणच का?

मुळशी तालुक्यातील माण हे गाव एकेकाळी शेतीचे. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान नगरी उभारली आणि तिचा पसारा माणच्या शिवारात येऊन पोचला. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गाची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ रोजी झाली. तिचा डेपोही माणलाच. कंपन्या आल्या, इमारती आल्या, त्यांच्यामागे मोटारी आल्या. नोकरदार तरुण नवी गाडी घेतो तेव्हा पुष्कळदा पैसे वाचवण्यासाठी खालचे मॉडेल घेतो आणि वर्षभरात लोखंडी चाके काढून अलॉय चाके बसवायला निघतो. दुसरीकडे डंपर, काँक्रीटच्या गाड्या, खोदाई आणि पावसाळ्यातील खड्डे यांनी रिमा वाकतात, टायरला फुगे येतात. म्हणजे हौसेचे गिऱ्हाईक आणि गरजेचे गिऱ्हाईक, दोन्ही एकाच रस्त्यावर.

माल मिळण्याचीही अडचण नाही. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे; चाकणला ब्रिजस्टोनचा टायर कारखाना आहे. जुना माल शोधणारे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडपर्यंत जातात. प्रश्न मालाचा नाही, कोणता माल कोणत्या गाडीला चालतो हे सांगणाऱ्या माणसाचा आहे.

आधी मापे, मग मोल

चाक खरेदी करताना गिऱ्हाईक रंग आणि नक्षी पाहते. दुकानदाराने पाच गोष्टी पाहायच्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे नटांच्या वर्तुळाचे माप, ज्याला धंद्यात पीसीडी म्हणतात. मारुती स्विफ्टला चार नट आणि १०० मिलिमीटरचे वर्तुळ लागते. फोक्सवॅगन पोलोला वर्तुळ १०० चेच, पण नट पाच. खरा धोका जवळजवळ सारख्या मापांत असतो. पूर्वी रांजणगावात तयार होणाऱ्या फियाट पुंटोचे वर्तुळ ९८ मिलिमीटरचे. तिच्यावर १०० चे चाक रेटून चढवता येते. मात्र ते तिरके आवळले जाते, बोल्टवर आडवा ताण राहतो आणि काही दिवसांनी ते सैल पडू लागते. "चढले" आणि "बसले" यात फरक आहे, हे शागिर्दाला पहिल्याच दिवशी सांगावे.

दुसरी गोष्ट मधल्या भोकाची. बाजारातील अलॉय चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मोठे ठेवतात, उदाहरणार्थ ७३.१ मिलिमीटर. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा. मधली पोकळी भरायला कडी मिळते. ही कडी न घालता चाक बसवले तर ते नेमके मध्यावर येण्याची खात्री राहत नाही. मग यंत्रावर तोल कितीही अचूक साधला तरी गाडी थरथरते आणि दोष यंत्राला दिला जातो. कडी ही क्षुल्लक वस्तू. पण तिच्यावाचून सगळी मेहनत वाया.

तिसरी गोष्ट ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतील हे अंतर. ते मूळ चाकापेक्षा बरेच कमी झाले तर चाक बाहेर येते, मडगार्डला घासते आणि बेअरिंगवर भार वाढतो. बरेच जास्त झाले तर चाक आत जाऊन शॉकअपला लागते. "बाहेर आलेले चाक रुबाबदार दिसते" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला बेअरिंगचा खर्चही सांगावा.

चौथी गोष्ट नट. स्विफ्टचे नट १२ मिलिमीटरचे आणि आटा १.२५ चा, होंडा सिटीचेही १२ चेच, पण आटा १.५ चा. चुकीचा नट एक-दोन फेरे फिरतो आणि मग यंत्राने रेटला की स्टडचा आटा कापतो. नटाच्या बुडाचा आकारही पाहावा लागतो. होंडाच्या मूळ नटाचे बूड गोलसर असते, बाजारातील बहुतेक अलॉय चाकांना शंकूच्या आकाराचे बूड लागते. गोल नट शंकूच्या खळग्यात पूर्ण टेकत नाही. म्हणून नवे नट द्यावेत आणि जुने नट पिशवीत घालून डिकीत ठेवायला सांगावेत. कारण स्टेपनी लोखंडी असेल तर तिला तेच लागणार.

पाचवी गोष्ट टायरचे माप. २०१८ च्या स्विफ्टमध्ये खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ टायर येत. पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. रिम एक इंचाने वाढली, पण टायरची उंची कमी झाल्याने व्यासात दोन मिलिमीटरचाही फरक पडला नाही. हा योग्य बदल. आता हौसेने कोणी २०५/६५ आर १५ घातला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे साडेचार टक्के जास्त. मीटर शंभर दाखवील तेव्हा गाडी एकशे चारच्या पुढे असेल, आणि वळणावर टायर आतून घासण्याची भीती वेगळी. फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, हा या धंद्यातील सर्वमान्य ठोकताळा आहे.

टायरवर मापापुढे जो आकडा आणि अक्षर असते, तेही वाचायला शिकावे. ८८ एच म्हणजे एका टायरला ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी कधीही घेऊ नये. बाजूच्या चार आकडी शिक्क्यात आठवडा आणि वर्ष असते; ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा.

वीस ग्रॅमची ताकद

तोल साधणे, म्हणजे बॅलन्सिंग, हे काम पुष्कळांना गिऱ्हाइकाच्या खिशातून काढलेले जादा पैसे वाटते. म्हणून त्यामागचे गणित कारागिराला सांगता आले पाहिजे. चौदा इंची रिमच्या कडेला एका बाजूस फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला चौदा वेळा फिरते आणि ते २० ग्रॅम जवळजवळ तीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढते. सेकंदाला चौदा हिसके, दर हिसका तीन किलोचा. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणूनच माणच्या गर्दीत रांगणारी गाडी ठीक वाटते आणि तीच द्रुतगती मार्गावर गेली की स्टिअरिंग थरथरू लागते. या थरथरीने टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजतो, बेअरिंग आणि सांधे ढिले होतात.

काम करताना क्रम सोडू नये. आधी चाक धुवावे. आमच्या भागात हे विशेष सांगावे लागते, कारण पावसाळ्यात रिमच्या आत चिखल बसतो आणि वाळला की तोच वजन होऊन बसतो. पुष्कळदा नुसते धुण्यानेच तक्रार मिटते. मग जुनी सगळी वजने काढावीत, नक्षीत अडकलेले खडे काढावेत, हवा मापाने भरावी. चाक यंत्रावर शंकूने मध्यावर धरावे, अंतर, रुंदी आणि व्यास ही तीन मापे मोजून द्यावीत; अंदाजाने देऊ नयेत. यंत्र आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे वजन वेगवेगळे सांगते, कारण चाक वरखाली उडते तसे डावीउजवीकडेही डुलते. अलॉय चाकाला चिकटवायची वजने लावताना जागा स्वच्छ पुसून कोरडी करावी. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य आल्याचे गिऱ्हाइकाला दाखवावे. ही दुसरी फेरी न मारणारा कारागीर अर्ध्या कामाचे पूर्ण पैसे घेतो, असे आम्ही स्पष्ट म्हणू.

यंत्र एका चाकाला ८०-१०० ग्रॅम मागू लागले तर वजनांची माळ लावू नये. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पाहावा. टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हजवळ आणावी. तरीही आकडा उतरला नाही तर रिम वाकलेली किंवा टायर आतून तुटलेला असण्याची शक्यता धरावी. तोल साधण्याने हे दोष जात नाहीत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर तो हवेचा किंवा अलाइनमेंटचा प्रश्न. ब्रेक मारल्यावरच थरथरत असेल तर डिस्क पाहावी. स्टिअरिंगमध्ये थरथर असेल तर बहुधा पुढची चाके आणि बैठकीत जाणवत असेल तर मागची, एवढे निदान तरी यावेच.

शेवटचा हात

चाक चढवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढावा. नट आधी हाताने फिरवावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. हवेच्या बंदुकीने कचकचून आवळणे ही शान नव्हे. त्याने स्टड ताणला जातो आणि रस्त्यात चाक बदलायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला नट सुटत नाही. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने शेवटचा ताण द्यावा. मोटारींना तो साधारण ८५ ते १२० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कोठे घासत नाही ना ते पाहावे आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर नट तपासायला परत बोलवावे. या फुकट तपासणीत पाच मिनिटे जातात, पण गिऱ्हाईक कायमचे होते.

तडा गेलेल्या अलॉय चाकाला वेल्डिंग करून देण्याची मागणी येते. ती नाकारावी. लोखंडी रिम वाकते, पण अलॉय चाक जोराच्या फटक्याने तडकून फुटते, आणि जोडलेल्या जागी ते पुन्हा कधी फुटेल याचा भरवसा नाही. शंभर रुपयांसाठी कोणाच्या मुलाबाळांचा जीव टांगणीला लावू नये.

कायदा आणि हिशेब

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले. म्हणून त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते, तेवढ्यावर थांबणे हा सुरक्षित मार्ग. नवी चाके विमा कंपनीला कळवण्याचा सल्लाही द्यावा. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. टायरवर आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा फरक गिऱ्हाइकाला बिलात दिसला पाहिजे.

भांडवलाचा अंदाज प्रत्येकाने स्वतः करावा. समजुतीसाठी धरा की टायर उतरवण्याचे यंत्र, बॅलन्सिंग यंत्र आणि कॉम्प्रेसर मिळून तीन लाख लागले, आणि भाडे, वीज, मजुरी वजा जाता एका गाडीमागे पाचशे रुपये हाती राहिले. सहाशे गाड्यांत यंत्रे फिटतात. रोज दोन गाड्या आणि वर्षाचे तीनशे दिवस. बॅलन्सिंगची यंत्रे पुदुच्चेरीच्या मॅनाटेकसारख्या देशी कंपन्या बनवतात, तेव्हा विदेशी यंत्राचा हट्ट नको. कर्ज हवे असल्यास राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आणि बँकांची मुद्रा योजना येथे चौकशी करावी. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी दोघा-तिघांत लेखी भागीदारी करावी; एकाची जागा, एकाचे यंत्र, एकाचा हात.

मात्र यंत्र घेण्याआधी सहा महिने एखाद्या जाणकार उस्तादाच्या हाताखाली काढावेत. २० जुलै २०२० च्या नियमदुरुस्तीने हवेचा दाब दाखवणारी व्यवस्था, ट्यूबलेस टायर आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरली नाही. म्हणजे किरकोळ पंक्चर गाडीवाला स्वतःच तात्पुरते बुजवील असे दिवस येत आहेत. नुसत्या पंक्चरवर घर चालवणाऱ्याने हे आजच ओळखावे. टॉर्क पाना, मोजपट्टी आणि मापांची एक वही, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. बाकीचे यंत्र कमाईतून येईल.