पुढच्या चाकांना ताकद द्यायची की नाही?

ट्रॅक्टर घेताना : भाग ४

मागच्या भागात आपण अश्वशक्तीचा हिशोब केला आणि पंचेचाळीस ते पन्नास एचपीच्या गटात येऊन थांबलो. पन्नासच्या वर गेलं की १ जानेवारी २०२३ पासूनचे धुराचे नियम लागू होतात, इंजिनाची रचना बदलते आणि किंमत एकदम वर जाते. म्हणून बीड जिल्ह्यातला बहुतेक शेतकरी या गटातच ट्रॅक्टर बघतो. इथवर आलं की शोरूममध्ये पुढचा प्रश्न ठरलेला असतो: टू-व्हील की फोर-बाय-फोर?

एकाच मॉडेलच्या या दोन प्रकारांत साधारण एक ते दीड लाखाचा फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून सात लाखांच्या ट्रॅक्टरवर त्यामुळे एकोणपन्नास हजार वाचतात. ‘हे वाचलेले पैसे फोर-व्हीलमध्ये घाला’ असा सल्ला तेव्हापासून सर्रास दिला जातो. पण वाचलेल्या पैशाने फरकाचा अर्धाही भाग भरून निघत नाही. उरलेली रक्कम कर्जात जाते आणि सहामाही हप्त्यावर व्याजासह बसते. तेव्हा ती रक्कम रानात नेमकं काय काम करणार आहे, हे सही करण्याआधी कळायला हवं.

टू-व्हील ट्रॅक्टर उभा असताना त्याचं साधारण एक तृतीयांश वजन पुढच्या चाकांवर आणि दोन तृतीयांश मागच्या चाकांवर असतं. ओढायचं काम फक्त मागची चाकं करतात. पुढची दिशा दाखवतात. पुढच्या ॲक्सलवर पडलेलं वजन ओढीच्या कामी येत नाही. नांगर जमिनीत उतरला की मात्र पुढचं थोडं वजन आपोआप मागे सरकतं आणि मागच्या टायरची पकड वाढते. त्यामुळे टू-व्हील ट्रॅक्टर दिसतो त्यापेक्षा जास्त ओढतो. फोर-व्हीलमध्ये पुढच्या ॲक्सललाही गिअरबॉक्समधून ताकद मिळते. तो ॲक्सल जड असतो, टायर मोठे आणि दातेरी असतात, आणि पुढचं वजनही ओढायला लागतं. इंजिन मात्र तेच राहतं. फोर-व्हीलचा लिव्हर टाकल्याने अश्वशक्ती वाढत नाही. आहे ती जमिनीपर्यंत जास्त पोहोचते, इतकंच. ‘फोर-व्हील घेतलं म्हणजे पंचेचाळीसचा पंचावन्न होतो’ असं गावोगाव बोललं जातं, ते खरं नाही.

सगळा प्रश्न मग चाक किती घसरतं यावर येतो. इंग्रजीतला ‘स्लिप’ हा शब्द आता आपल्या चालकांच्याही तोंडी आहे. चाक फिरतं तेवढा ट्रॅक्टर पुढे जात नाही, उरलेलं फिरणं मातीत वाया जातं. नांगरटीत थोडी घसरण होतेच. टू-व्हीलला दहा ते पंधरा टक्के घसरण चालते, फोर-व्हीलला आठ ते बारा. वीसच्या पुढे गेली की डिझेल, टायर आणि वेळ तिन्ही जळतात.

ही घसरण मोजायला कोणतंही यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने एक रेघ मारा. नांगर उचलून, त्याच रानात, नांगरटीच्या गिअरमध्ये चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा. १३.६-२८ च्या टायरला ते चाळीस मीटरच्या आसपास भरेल. आता नांगर नेहमीच्या खोलीला लावून पुन्हा दहा फेरे मोजा. चाळीसचे चौतीस आले तर घसरण पंधरा टक्के, तीस आले तर पंचवीस. सध्या ज्याच्या ट्रॅक्टरने तुमची नांगरट होते, त्याला विनंती करून आपल्या रानात एवढं एकदा करून बघा. माझं स्पष्ट मत आहे की हा आकडा हाती नसेल तर फोर-व्हीलवर जास्तीचा एक रुपयाही घालू नये.

आकडा वीसच्या वर आला तरी लगेच शोरूम गाठायची गरज नाही. आधी मागच्या टायरची नक्षी बघा. घासून गुळगुळीत झालेल्या टायरला चारी चाकांची ताकद देऊनही मातीत दात बसत नाहीत. मग हवा तपासा. ट्रॉली ओढताना भरलेली जास्त हवा तशीच ठेवून रानात उतरणं ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे. पुस्तिकेत रानासाठी वेगळा, कमी दाब दिलेला असतो. त्यानंतर वजन. मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावता येतात, किंवा टायरच्या ट्यूबमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरता येतं. प्रत्येक टायरमागे दीड-दोनशे किलो वजन त्याने वाढतं. पंक्चर काढणाऱ्याला त्रास होतो, पण खर्च जवळजवळ नाही. आणि एकच चाक जागेवर फिरत असेल तर पायाजवळचा डिफरन्शियल लॉक दाबा. सरळ जाताना हा लॉक दोन्ही मागची चाकं एकत्र बांधतो, वळण्याआधी तो सोडायचा असतो. अनेक ट्रॅक्टरांवर हे पेडल गंजून जाम झालेलं असतं, इतकं ते वापरलंच जात नाही.

हे सगळं करूनही घसरण उतरत नसेल, तर पैशाचा हिशोब मांडू. दोन फाळांच्या पलटीने एक एकर नांगरायला बारा टक्के घसरणीला दीड तास लागतो असं धरू. तेच रान पंचवीस टक्के घसरणीला पावणेदोन तास घेतं. एकरी पाव तास गेला. जड कामात तासाला सहा लिटर डिझेल आणि लिटरला नव्वद रुपये धरले, तर एकरी एकशे पस्तीस रुपये जळाले. दहा एकरवाला शेतकरी वर्षातून एकदा नांगरट करतो, त्याचे वर्षाला साडेतेराशे वाचतील. सव्वा लाखाचा फरक या वाटेने त्याच्या हयातीत फिटत नाही. पण हाच ट्रॅक्टर भाड्याने उन्हाळ्यात तीनशे एकर नांगरत असेल, तर वर्षाला चाळीस हजारांच्या वर वाचतात, वरून पंचाहत्तर तास मोकळे होतात, आणि मे महिन्यात पावसाआधीच्या घाईत त्या तासांची किंमत डिझेलपेक्षा जास्त असते. त्याचे पैसे साधारण तीन वर्षांत वसूल होतात. म्हणजे एकाच गावात, एकाच मातीत, दोन शेजाऱ्यांची उत्तरं वेगळी असू शकतात. शेजाऱ्याने घेतलं म्हणून आपणही घेणं यात सगळ्यात जास्त पैसा बुडतो.

माती मात्र बीड जिल्ह्यात एकसारखी नाहीच. उत्तरेला गोदावरीचं खोरं आहे: गेवराई, माजलगाव. खोल काळी जमीन, जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं आणि सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणी, त्यामुळे ऊस. उसाचं खोडवं मोडायचं, पाचट गाडायचं, फूटभर खोल पलटी मारायची, यात ट्रॅक्टरची खरी परीक्षा होते. उन्हाळ्यात ही काळी वाळून दगडासारखी होते आणि नांगर तिला मोठमोठ्या ढेकळांत उपसतो. इथे भाड्याची नांगरट करणाऱ्याने फोर-व्हील घेतलं तर मी ते योग्यच म्हणेन. दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटाचा माथा आहे: पाटोदा, आष्टी, शिरूर कासार. तिथली बरीच जमीन हलकी, बरड, मुरमाड. थर उथळ, खाली दगड. तिथे नांगर खोल जातच नाही, मग ओढीची गरजही कमी. बाजरी, तूर, सोयाबीनसाठी मोगडा, पेरणी, मळणी या कामांना टू-व्हील पुरून उरतो. उलट मुरमावर पुढचे महागडे दातेरी टायर घासतात ते वेगळंच. केज, धारूर, अंबाजोगाईकडे एकाच शेतकऱ्याची थोडी काळी आणि थोडी माळाची अशी दोन्ही राने असतात. तिथे जास्त एकर कुठल्या मातीत आहेत ते बघूनच ठरवावं लागतं.

उतारावर एक फायदा जरूर आहे आणि तो सुरक्षेचा आहे. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या चाकांवर असतात. कच्च्या उतरणीवर फोर-व्हीलचा लिव्हर टाकलेला असेल तर पुढची चाकंही त्या ब्रेकला साथ देतात. घाटाच्या कडेला रान असलेल्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सांगतो. फोर-व्हील विकताना ‘पाऊस पडल्यावर दुसऱ्याच दिवशी रानात घाला’ हे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली राने दिवसेंदिवस पाण्याखाली होती, सिंदफणेला पूर आला, काढणीला आलेलं सोयाबीन कुजलं. त्यानंतर रब्बीच्या पेरणीसाठी जी घाई झाली, ती समजण्यासारखी होती. पण वापसा येण्याआधी काळ्या रानात दोन टनांचं यंत्र घातलं, तर चाकाखालची माती चोपून बसते, खाली घट्ट थर तयार होतो आणि हरभऱ्याचं मूळ तिथेच अडतं. टू-व्हील ओल्या रानात रुतून बसतो आणि शेतकऱ्याला थांबायला लावतो. फोर-व्हील रुतत नाही, म्हणून तो थांबत नाही. वापसा जमिनीत येतो, ट्रॅक्टरमध्ये नाही. मूठभर माती घेऊन गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर आत जा, चिकटून राहिला तर फोर-व्हील असला तरी बांधावरच उभा राहू द्या.

उसाच्या वाहतुकीचं गणित निराळं आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी ट्रॅक्टरांची खरी कमाई नांगरापेक्षा ट्रॉलीवर असते. इथले मुकादम आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात जातात, त्यांच्यासोबत ट्रॅक्टरही जातात. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांना ताकद देण्याची काहीच गरज नाही. पण परतीच्या पावसानंतर, नोव्हेंबरच्या ओल्या फडातून भरलेली ट्रॉली रस्त्यावर काढताना फोर-व्हील असलेला माणूस दुसऱ्या ट्रॅक्टरची वाट बघत नाही. पुढचा ॲक्सल जड असल्याने चढावर ट्रॅक्टर पुढून उचलण्याचा धोकाही कमी होतो. कमी होतो, संपत नाही. ट्रॉलीचा दांडा ठरलेल्या हुकलाच हवा, पुढे वजनं हवीत, आणि दोन ट्रॉल्या उतरणीला मागून ढकलतात तेव्हा चारही चाकांची ताकद त्यांना अडवू शकत नाही. टू-व्हीलवाल्यांनी तर पुढच्या वजनांशिवाय भरलेली ट्रॉली जोडूच नये; यात जीव जातात.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातून गाळ वाहणाऱ्यांना, तसंच पुढे लोडर बसवणाऱ्यांना फोर-व्हीलच घ्यावा लागेल. तलावाच्या तळातून काठावर चढणं टू-व्हीलला फार जड जातं, आणि लोडरचं सगळं ओझं पुढच्या ॲक्सलवर येतं.

कापूस-सोयाबीनवाल्यांसाठी उलट बाजू आहे. टू-व्हीलचा पुढचा टायर बहुधा ६.०० इंच रुंदीचा, दोन ओळींतून सहज निघतो. फोर-व्हीलचा पुढचा टायर आठ ते साडेनऊ इंचांचा असतो. सोयाबीनच्या अठरा इंची ओळीत अंतरमशागतीला तो फरक जाणवतो, आणि लहान पट्टीच्या रानात बांधाशी वळायला जागाही जास्त लागते. सीताफळ, डाळिंब, मोसंबीच्या बागेसाठी मोठा ट्रॅक्टर घेऊच नये; वीस ते सत्तावीस एचपीचे छोटे ट्रॅक्टर मिळतात. हे हलके असल्याने त्यांना वजनाचा आधार कमी असतो, म्हणून तिथे चारही चाकांना ताकद असलेली खरोखर उपयोगी पडते.

ज्यांनी फोर-व्हील घ्यायचं ठरवलंच आहे त्यांच्यासाठी एक तांत्रिक गोष्ट. पुढची चाकं मागच्यांपेक्षा शेकडा दोन-चार जास्त अंतर कापू पाहतील अशा प्रमाणात गिअर आणि टायर जुळवलेले असतात. मऊ मातीत हा फरक मातीत जिरतो. कडक डांबरावर तो जिरायला जागा नसते, मग टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो. रस्त्याला लागलं की लिव्हर काढायचा. टायर बदलतानाही पुढचं किंवा मागचं एकच माप बदलून चालत नाही. स्वस्त मिळाला म्हणून वेगळ्या मापाचा टायर घातला की हे सगळं प्रमाण बिघडतं. जुना फोर-व्हील घेताना पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना हात लावून तेल झिरपतं का ते बघा. चिखलात चाललेल्या ट्रॅक्टरचे सील तिथेच जातात.

मध्य प्रदेशात बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिच्या अहवालात प्रत्येक मॉडेलची पुढची-मागची वजनं आणि वजनं लावून व न लावता मिळालेली ओढ दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. प्रात्यक्षिक शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत बघू नका. तुमच्या रानात, तुमच्या नांगराने, एकदा लिव्हर टाकून आणि एकदा काढून, खडूची रेघ मारून दोन्ही वेळा दहा-दहा फेरे मोजा. शंका उरली तर खामगाव (ता. गेवराई) किंवा अंबाजोगाईच्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा प्रकार आणि औजाराचं माप घेऊन जा. आणि महाडीबीटीवर अनुदानाचा अर्ज केला असेल, तर पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत बिल करू नका. आधी ट्रॅक्टर आणि मग अर्ज, असं केलेल्यांचं अनुदान हातचं जातं, मग ट्रॅक्टर दोन चाकांचा असो की चार.