चष्म्याचे बिल कसे वाचावे?



दरवर्षी शाळेत डोळ्यांची तपासणी झाली की पुढच्या महिन्यात आम्हाला वर्गात दोन तऱ्हेची मुले दिसतात. काहींच्या नाकावर पाच-सहा हजारांचा कोरा चष्मा असतो. तो तुटेल या धाकाने ही मुले मधल्या सुट्टीत मैदानावर उतरत नाहीत. काहींच्या दप्तरातून 'चष्मा आवश्यक' अशी चिठ्ठी घरी गेलेली असते, पण महिना उलटला तरी चष्मा आलेला नसतो. ही मुले शेजारच्याच्या वहीत डोकावून फळ्यावरचे उतरवून घेतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "बाबा म्हणाले, दिवाळीनंतर बघू."

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चष्म्याच्या बिलात कशाकशाचे पैसे असतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. भाजी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारे आपण चष्म्याच्या दुकानात मात्र गप्प बसतो, कारण प्रश्न डोळ्यांचा असतो. विक्रेत्याने "मुलाच्या डोळ्यांसाठी हे चांगले" म्हटले की नाही म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून हा लेख.

आधी चिठ्ठी, मग दुकान

चष्म्याचा नंबर डायऑप्टरमध्ये मोजतात आणि तो पाव-पावने वाढतो. उणे २ नंबर म्हणजे चष्म्याशिवाय सुमारे अर्ध्या मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते, त्यापुढचे धूसर. फळा तीन-चार मीटर लांब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अशा मुलाची अडचण कळेल.

लहान मुलांच्या डोळ्यांचे स्नायू फार लवचिक असतात. तपासताना मूल नकळत डोळ्यांवर जोर देते आणि नंबर चुकीचा निघू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञ मुलांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून ते स्नायू सैल झाल्यावर नंबर काढतात. दुकानातल्या यंत्राने मिनिटभरात दिलेला आकडा ही तपासणीची सुरुवात असते, शेवट नव्हे. निदान पहिला चष्मा तरी नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीवरूनच करावा.

'डोळे तपासणी मोफत' असा फलक असलेल्या दुकानात तपासणीचा खर्च चष्म्याच्या किमतीतून वसूल होतो, हे उघड आहे. त्यात गैर काही नाही. मात्र नंबर लिहिलेला कागद मागून घ्यावा आणि त्यावर दोन बाहुल्यांमधले अंतरही मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावे. काचेचा मध्य बाहुलीसमोर यावा म्हणून हे माप लागते. अमेरिकेत नंबरचा कागद न मागता हातात देण्याचे बंधन १९७८ पासून आहे. ग्राहक दुसऱ्या दुकानात जायला मोकळा राहावा हा त्यामागचा हेतू. तो मोकळेपणा आपणही घ्यावा.

बिलाचे तुकडे करा

दुकानात बहुधा एकच आकडा सांगतात. तो न स्वीकारता फ्रेम किती, काचा किती आणि काचेवरच्या प्रत्येक थराचे किती, असे वेगवेगळे विचारावे. समजा, फ्रेम ८०० रुपये आणि साध्या प्लास्टिकच्या काचा ५०० रुपये, म्हणजे १,३०० रुपये झाले. त्यात पातळ काचेचे १,५००, 'ब्लू कट'चे ७०० आणि नावाजलेल्या फ्रेमचे जादा १,२०० मिळवले की आकडा ४,७०० वर जातो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. पण अशी बेरीज मांडली म्हणजे कोणता तुकडा काढता येईल हे आपल्याला दिसते.

कराचेही विचारावे. नंबरचा चष्मा, त्याच्या काचा आणि फ्रेम यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. सांगितलेली किंमत करासह आहे की कर वेगळा, हे आधी विचारून पक्के बिल घ्यावे.

पातळ काचेचा हिशेब

आज आपण 'काच' म्हणतो ती बहुधा प्लास्टिकची असते. सगळ्यात साध्या प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५० असतो. त्यापुढे १.६०, १.६७ आणि १.७४ अशा काचा मिळतात. आकडा वाढला की काच पातळ होते आणि किंमत चढते. किती पातळ होते, हे दहावीच्या गणितानेही काढता येते.

५० मिलिमीटर रुंदीची गोल काच घेऊ. उणे १.५ नंबरला साध्या काचेची कड मध्यापेक्षा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड होते. १.६७ च्या काचेत ती ०.७ मिलिमीटर होते. फरक पाव मिलिमीटरचा, तोही फ्रेमच्या कडेत लपणारा. त्यासाठी हजार-दीड हजार मोजण्यात अर्थ नाही. उणे ६ नंबरला मात्र हेच आकडे ३.७ आणि २.८ होतात, म्हणजे फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा. तिथे पातळ काचेचा विचार जरूर करावा.

यातली आणखी एक गंमत सहसा कोणी सांगत नाही. त्याच उणे ६ नंबरची साधी काच ५० ऐवजी ४० मिलिमीटरच्या लहान फ्रेममध्ये बसवली तर कडेची जादा जाडी २.४ मिलिमीटरवर येते, म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षाही कमी. जाड भिंगाचे पहिले औषध लहान, गोलसर फ्रेम हे आहे आणि त्याला जादा पैसे पडत नाहीत.

'ब्लू कट'चे काय?

सध्या सर्वांत जास्त आग्रह होतो तो या थराचा. मोबाइल आणि संगणकाच्या निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात, म्हणून ही काच घ्या, असे सांगतात. 'कॉक्रेन' ही वैद्यकीय संशोधनाची छाननी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने २०२३ मध्ये अशा काचांवरचे १७ अभ्यास तपासले. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा यामुळे कमी होतो असे त्यांत आढळले नाही. ब्रिटनमध्ये तर २०१७ साली 'बूट्स ऑप्टिशियन्स' या मोठ्या साखळीला याच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ४०,००० पौंड दंड झाला.

पडद्यासमोर डोळे थकतात हे खरेच आहे. पण त्याचे कारण वेगळे आहे. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात आणि जवळ पाहून स्नायू शिणतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणे आणि रोज उघड्यावर खेळणे, हे दोन्ही फुकट आहे. मोकळ्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचे अंधूक दिसण्याचा दोष जडण्याचे प्रमाण कमी असते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. नंबर झपाट्याने वाढणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या बनावटीच्या खास काचा असतात, पण त्यांचा निर्णय नेत्रतज्ज्ञाचा, काउंटरवरचा नव्हे.

कशाला पैसे द्यावेत?

सगळेच जादा पैसे वाया जातात असे नाही. मुलांसाठी पॉलिकार्बोनेटची काच घ्यावी. चेंडू लागला तरी ती सहसा फुटत नाही. अतिनील किरण ती मुळातच अडवते, त्यामुळे तिच्यावर 'यूव्ही'चे वेगळे पैसे कोणी मागितले तर का, असे विचारावे. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, म्हणून वर कठीण थर हवाच. तो बहुधा काचेच्या किमतीतच धरलेला असतो.

चमक कमी करणारा थर परवडत असेल तर घ्यावा. साध्या काचेच्या दोन्ही बाजूंवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. या थराने जवळजवळ सगळा प्रकाश आत येतो. रात्री गाडी चालवणाऱ्या पालकांना समोरच्या दिव्यांच्या वेळी त्याचा उपयोग जाणवेल. पण चौथीतल्या मुलाचे त्यावाचून अडत नाही.

फ्रेमबाबत हात आखडताच ठेवावा. रे-बॅन आणि ओकली ही दोन नावे एकाच कंपनीची आहेत, आणि प्राडासारख्या फॅशनच्या नावांचे चष्मेही तीच कंपनी परवान्यावर बनवते. त्यांच्या किमतीत नावाचा भाग मोठा असतो. वाढत्या मुलाचा चेहरा बदलतो, नंबरही सहा महिने ते वर्षभरात पुन्हा तपासावा लागतो. नाकावर नीट बसणारी, कानामागे न टोचणारी, साधी आणि मजबूत फ्रेम पुरे. ती चांगली राहिली तर पुढच्या वेळी फक्त काचा बदलून मागाव्यात.

'एकावर एक मोफत' योजनेत फ्रेम मोफत असते, काचांचे पैसे बहुधा दोन्ही चष्म्यांचे लागतात. आधी एकाच चष्म्याची एकूण किंमत विचारावी आणि मग ठरवावे. मुलांना जादा चष्मा कामी येतोच, पण तो स्वस्त पडत असेल तरच.

दुकानदाराची बाजू

दुकानदाराला सरसकट दोष देण्याचे कारण नाही. काच फ्रेमच्या मापाने घासणे, मध्य जुळवणे, सैल झालेली काडी पुढे वर्षभर फुकट आवळून देणे, हे कसबाचे काम आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. खडेबाजारात किंवा टिळकवाडीत आपल्या माहितीचा जुना दुकानदार असेल तर त्याला सरळ सांगावे, "आमचे बजेट इतके आहे, त्यात मुलाला काय योग्य?" प्रामाणिक माणूस त्याचे नीट उत्तर देतो. काच चुकीची बसली आणि दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीसाठी बिल हाती हवे.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्यात दृष्टिदोष असलेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात चौकशी करावी.

साध्या चष्म्याला कमी लेखू नये. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे दिले, तेव्हा त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम चीनमधल्या प्राथमिक शाळांत मोफत चष्मे मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढले, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. दोन्हीकडे चष्मे महागडे नव्हते, नंबर मात्र बरोबर होता.

म्हणून चिठ्ठी घरी आली की दिवाळीची वाट पाहू नये. अचूक नंबर, न फुटणारी काच आणि नाकावर बसणारी फ्रेम, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या की काम झाले. चष्मा येईपर्यंत वर्गशिक्षकांना निरोप द्यावा, मुलाला पहिल्या बाकावर बसवले जाईल. खर्चाची अडचण असेल तर तीही संकोच न करता कार्यालयात सांगावी, रुग्णालयासाठी लागणारे शाळेचे पत्र आम्ही त्याच दिवशी देऊ.