कड्यावरचं गाव, कड्यासकट

पहाटे ५.४५
इटलीच्या लात्सिओ प्रांतातलं लुब्रियानो. ऑक्टोबरचा मध्य, बाहेर मिट्ट काळोख. बॅटऱ्या गारठ्यात लवकर उतरतात, म्हणून दोन्ही जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवते.

६.४५
गावाच्या कठड्याशी ट्रायपॉड रोवला. दरीपलीकडे चिविता दि बान्योरेजो. एट्रुस्कन लोकांनी सुमारे २५०० वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव. माथ्यावर मूठभर घरं, मधोमध चर्चचा मनोरा, चहूकडे तुटलेले कडे. दरीत धुकं साचलंय.

७.३०
ऊन डावीकडून आलं आणि मातीच्या उतारांवरची धार न् धार उठून दिसू लागली. हे उतार म्हणजे ‘कालांकी’. आयएसओ १००, एफ/८, लेन्स १३५ मिलिमीटरवर. घरं आणखी जवळ ओढण्याचा मोह होतो. तो आवरते. घरांना फ्रेमचा वरचा तिसरा हिस्सा, खालचे दोन हिस्से मातीला. या गावाचं सगळं भवितव्य त्या मातीत आहे. वर ज्वालामुखीच्या राखेचा घट्ट झालेला टफ, खाली जुन्या समुद्रतळाची चिकणमाती. पाऊस आणि ओढे खालची माती नेतात, वरचा खडक अधांतरी होतो, तडकतो आणि एक दिवस सुटतो.

९.३०
वळणावळणाच्या रस्त्याने गाडी बान्योरेजोला आणली. पुढे चिवितापर्यंत १९६५ साली बांधलेला पादचारी पूल. २०१३पासून इथे प्रवेशशुल्क आहे. शेवटचा चढ छातीवर येतो. मग खडकात कोरलेली वाट आणि सांता मारिया दरवाजा. कमानीच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह, पंजांत माणसाचं डोकं धरलेले. पावसावाऱ्याने त्यांचे चेहरे गुळगुळीत झालेत. तिरप्या उजेडात ते टिपते.

१०.३०
सान दोनातो चर्चसमोरचा चौक. १६९५च्या भूकंपानंतर बिशप आणि कारभार बान्योरेजोला हलले, गाव ओसरत गेलं. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथलेच. त्यांचं जन्मघर केव्हाच दरीत गेलं. बारमाही राहणारी आता जेमतेम दहा-बारा माणसं. त्यांच्या दारातल्या कुंड्यांचे फोटो सगळेच काढतात. मी गल्ल्यांची टोकं शोधते. एके ठिकाणी नुसती भिंत उभी आहे, आणि तिच्या खिडकीतून आकाश दिसतं.

दुपारी १.३०
ऊन माथ्यावर, सावल्या गायब. फोटोंना सुट्टी. आडरस्त्यावर ऑलिव्हच्या झाडाखाली पाव, चीज, अंजीर. ऑलिव्हची जाळी लादलेली ॲपे फटफटत आली. आपल्याकडे बारामतीच्या कारखान्यातून निघणाऱ्या ॲपेचीच ही इटालियन बहीण. इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून नजरेनेच विचारलं. चालवणाऱ्या आजोबांनी मान डोलावली, टोपी नीट केली. एकच फोटो काढला, हात जोडले.

३.३०
बोल्सेना सरोवर. चिविता ज्या टफवर उभी आहे, तो याच परिसरातल्या ज्वालामुखींनी ओकला. काठावर फेसाळ, हलका खडक हातात घेतला. नखाने ओरखडा उठतो. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर लहानाची मोठी झालेली मी. खडक इतका मऊ असू शकतो हे बोटांना पटायला वेळ लागला.

सायंकाळी ५.४५
पुन्हा बान्योरेजो, पुलाआधीचा बेलवेदेरे सज्जा. आता सूर्य पाठीशी, उजेड थेट कड्यावर. सगळा खडक मधासारखा पिवळा. मधेच एक फिकट पट्टा दिसतो, शेवाळ न धरलेला, कडा धारदार. तिथून दगड सुटून फार दिवस झाले नसावेत. लांब लेन्स लावून तेवढाच पट्टा टिपते. आजच्या दिवसाचा हा सर्वांत महत्त्वाचा फोटो.

रात्री ९.००
फोटो दोन डिस्कवर उतरवले. मग वही. प्रत्येक फोटोपुढे लिहिते: कुठे उभी होते, ट्रायपॉड कठड्यापासून किती पावलं, लेन्स किती, तारीख, वेळ. सुंदर फोटो या गावाचे हजारो आहेत. पण पुढच्या कुणाला नेमकं त्याच जागी उभं राहून त्याच चौकटीतून बघता आलं, तर मधल्या काळात काय गेलं ते मोजता येईल. म्हणून पावलंसुद्धा लिहायची. सज्ज्याच्या कोपऱ्यापासून चार.