लहान नाणी चलनातून काढावीत का?

३० जून २०११ पासून भारतात २५ पैसे व त्याखालील नाणी वैध चलन राहिली नाहीत. 'पावली' आता केवळ भाषेत उरली. नाणे पाडण्याचा खर्च त्याच्या दर्शनी मूल्याहून वाढला, की ते नाणे तोट्याचे ठरते. मात्र सुट्टे नसले, की रक्कम पूर्णांकात आणावी लागते. हे पूर्णांकन एकूण बिलावर व दोन्ही दिशांनी झाल्यास नफा-तोटा साधारणतः समतोल राहतो. प्रत्येक वस्तूमागे आणि केवळ वरच्या दिशेने झाल्यास त्याचा भार रोज थोडीथोडी खरेदी करणाऱ्या गरिबावर अधिक पडतो. ५० पैशांचे नाणे कायद्याने १० रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहे, तरी दुकानदार ते सहसा स्वीकारत नाहीत. म्हणून नाणे बंद करण्यापूर्वी सुट्ट्यांची तूट कोणी सोसावी, हे ठरवणे अगत्याचे आहे.