शरीरांतील गंज आणि आपलें ताट

लोखंडी फाळ पावसांत पडून राहिला कीं गंजतो व उघड्या भांड्यांतील तेल कांहीं दिवसांनीं खवट होतें. दोन्ही ठिकाणीं काम प्राणवायूचेंच होय. हाच प्राणवायु शरीरांत अन्न जाळून शक्ति देतो. परंतु त्या ज्वलनांत त्याचा अल्पसा अंश दाहक रूप धारण करितो आणि पेशींच्या स्निग्ध आवरणास इजा पोंचवितो. विडीच्या धुरानें हा दाह वाढतो.

यावर शरीराचा पहारा असतो. पहारेकऱ्यांत मुख्य जीं एन्झाइमें, त्यांपैकीं एकाचें कार्य मॅकॉर्ड व फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६९ मध्यें उघडकीस आणिलें. त्याच्या निरनिराळ्या प्रकारांस तांबें, जस्त व मँगनीज लागतें; इतर एन्झाइमांस लोह व सेलेनियम. हीं खनिजें शरीर निर्माण करूं शकत नाहीं. तीं मातींतून धान्यांत व धान्यांतून ताटांत येतात. ज्या जमिनींत जस्त कमी, तेथील धान्यांतही तें बहुधा कमीच उतरतें. तेव्हां मातीची तपासणी केवळ उताऱ्यासाठीं आहे असें समजूं नये. (उतारा पिकाचा, सातबाऱ्याचा नव्हे, जरी आमची हयात त्यांतच गेली.)

करडई, सूर्यफूल व भुईमूग यांच्या तेलांतील ई जीवनसत्त्व पेशींचें आवरण खवट होऊं देत नाहीं. हें करितांना तें स्वतः खर्ची पडतें; मग आवळा, पेरू व शेवग्याचा पाला यांतील क जीवनसत्त्व त्यास पुनः कामास लावितें. मात्र क जीवनसत्त्व पाण्यांत विरघळतें व आंचेनें नासतें, म्हणून पालेभाजी आधीं धुवावी, मग चिरावी, व शिजविलेलें पाणी ओतून देऊं नये. तळणाचें तेल पुनः पुनः तापविल्यानें ई जीवनसत्त्वही नष्ट होतें.

आतां बाटलींतील गोळ्यांविषयीं. भुईमूग व आवळा बाजारांत घालून त्याच पैशांनीं शहरांतून गोळ्या आणणारे कांहीं बागाईतदार आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांनीं फिनलंड देशांतील प्रयोग ध्यानांत घ्यावा. तेथें २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकीं निम्म्यांस गाजरांतील पिवळें द्रव्य, म्हणजे बीटा-कॅरोटीन, रोज २० मिलिग्रॅम प्रमाणें पांच ते आठ वर्षें दिलें. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला तेव्हां तो त्यांच्यांत १८ टक्क्यांनीं अधिक आढळला! गाजर खाणारांनीं यामुळें भिण्याचें कारण नाहीं. प्रश्न गोळींतील मोठ्या मात्रेचा आहे. डॉक्टरांनीं तपासून एखाद्या द्रव्याची उणीव ठरविली, तर त्यांनीं दिलेलें औषध अवश्य घ्यावें. दुकानदाराच्या सांगण्यावरून घेऊं नये, आणि विडी ओढणारांनीं बीटा-कॅरोटीनच्या गोळीस तर हातही लावूं नये.