युरिक ॲसिडचा आकडा कसा वाचावा?

रक्ततपासणीच्या कागदावर युरिक ॲसिडपुढे ७.४ हा आकडा ठळक छापून आला, की पुष्कळ घरांत आधी तूरडाळ बंद होते. वाचकहो, डाळीला शिक्षा देण्यापूर्वी हा आकडा काय सांगतो ते पाहू.

आपल्या पेशी सतत झिजतात आणि नव्या होतात. त्यांतील प्युरीन या द्रव्याचे विघटन होऊन अखेरीस युरिक ॲसिड बनते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश शरीरातच तयार होते. उरलेले अन्नातून येते. ते बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात, थोडे आतडी करतात. आकडा वाढतो तो बहुधा हा निचरा मंदावल्यामुळे.

१०० मिलिलिटर रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत हे द्रव्य विरघळलेले राहते. त्यापुढे त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत जमू शकतात. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून अनेकदा तोच आधी धरतो; मध्यरात्री ठणका लागतो आणि चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. हाच गाऊट. या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड साठते हे आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने १८४८ साली दाखवले.

पण आकडा म्हणजे आजार नव्हे. तो वाढलेल्या अनेकांना जन्मात गाऊट होत नाही. उलट, ऐन दुखण्यात आकडा सामान्यही येतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते.

दुखणे नाही, मुतखडा नाही, तर बहुधा औषध लागत नाही. मात्र मूत्रपिंडांची तपासणी करावी आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नये. गाऊट वारंवार होत असेल, तर आकडा ६ च्या खाली ठेवणारे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. ठणका थांबला म्हणून ते सोडू नये. सांधा लाल होऊन तापही आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पथ्य करायचे तर बिअर, कलेजी आणि गोड शीतपेये आधी कमी करावीत. किनाऱ्यावरच्यांनी तारले-बांगड्यांना आवर घालावा. डाळींमुळे गाऊटचा धोका वाढत असल्याचे आढळलेले नाही. तेव्हा वरणभाताला ताटात राहू द्यावे.